मदत हवी आहे: पुतण्याचा हॉकीतला बचाव कसा जोखावा?

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचे. पुतण्या शाळेच्या 17 वर्षांखालील संघात राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू) खेळतो. समोरचा चेंडू घेऊन आला की पोट्टा घाई करत नाही. स्टिक जमिनीलगत ठेवून त्याला बाजूरेषेकडे रेटत नेतो, मग अलगद चेंडू काढतो. हे मला फार आवडतं. पण खेळ डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) आला की तोच उतावीळ होतो, स्टिकवर स्टिक मारतो आणि पेनल्टी कॉर्नर देऊन बसतो. पेनल्टी कॉर्नरला गोलकीपर धरून पाचच जण बचावाला, आणि फटका अडवायला गोलरेषेवरून पहिला धावणारा हाच. फेसमास्क तेवढा घेतला आहे.

पॅरिस 2024 ऑलिंपिकमध्ये बचावपटू अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारताने 10 जणांत ब्रिटनला 1-1 वर रोखून शूटआउट जिंकला, तो सामना त्याला दाखवतो.

जाणकारांनो, मुरमाच्या मैदानावरचा हा बचाव टर्फवर (कृत्रिम मैदानावर) टिकेल का? तिथे चेंडू फारच वेगात येतो. निवड चाचणीत बॅकचं नेमकं काय बघतात? यंदा संघाचे गोलकीपर आणि सेंटर हाफ (मधल्या फळीतला मधला खेळाडू) संघ सोडून जातील, मागची फळी उघडी पडेल. त्याला याच संघात ठेवावं की नागपूर-अमरावतीकडे सरावाला पाठवावं?