मदत हवी आहे: इंदूरमध्ये घरच्यांसाठी टीबी होऊ नये म्हणूनची औषधं

राजेंद्र नगरला राहतो. दिराला फुफ्फुसाचा टीबी निघाला, त्यांचा कोर्स सुरू झालाय. घरात सासूबाई (शुगर आहे, गोळ्या चालू) आणि ४ वर्षांचा मुलगा. खोकला, ताप कुणालाच नाही, एक्स-रे दोघांचेही क्लिअर. सरकारी केंद्रात म्हणतात आठवड्यातून एकदाचा १२ डोसचा कोर्स सध्या स्टॉकमध्ये नाही, नंतर या, आणि प्रायव्हेट डॉक्टर म्हणतात मोठ्यांना गरजच नाही, पण सरकारी नियमात तर घरातल्या सगळ्यांनाच धरलंय ना! टीबीच्या सरकारी हेल्पलाइनवर (१८००-११-६६६६) तक्रार नोंदवलीये. मुलाची फार काळजी वाटते, ५ च्या आतल्यांना धोका जास्त. तर १२ डोसवाला कोर्स इंदूरमध्ये सध्या कुणाला कुठल्या केंद्रातून मिळालाय, आणि तिथे दुसऱ्या भागातल्यांची नोंद करतात का, की ६ महिने रोज घ्यायची आयसोनियाझिड (टीबी होऊ नये म्हणूनचंच दुसरं औषध) मागून लगेच सुरू करावी?