मॉर्गन डॉलरवर अक्षर नाही म्हणजे नकली का?

चांदीचा_छंद: माझ्याकडे दोन मॉर्गन डॉलर (अमेरिकेची जुनी चांदीची नाणी) आहेत, एक 1881 चा आणि एक 1921 चा. 1881 वाल्याच्या मागे गरुडाखाली जी पानांची माळ आहे तिच्या गाठीखाली बारीक एस आहे, पण 1921 वाल्यावर भिंग लावून बघितलं तरी काहीच दिसत नाही. तो नकली म्हणायचा का? आणि एकजण 1893 चा एस वाला देतोय, घ्यावा का?

भिंगवाला: नकली कशाला, फिलाडेल्फियाचा आहे तो. मुख्य टांकसाळ तीच, त्यामुळे तिथल्या डॉलरवर अक्षर टाकायचेच नाहीत. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी. जुन्या मॉर्गनमध्ये डी म्हणजे डेन्व्हर फक्त 1921 लाच सापडतो, कारण ती टांकसाळ सुरूच झाली 1906 ला आणि मॉर्गन तर 1904 लाच थांबले होते, मग एकदम 1921. तो डी इतका चिमुकला असतो की घासलेल्या नाण्यावर पटकन दिसतही नाही, म्हणून गाठीखाली परत एकदा नीट बघ. तरी नाही दिसला तर फिलाडेल्फिया, आणि ते 4 कोटींच्या वर पाडलेत, तेव्हा फार स्वप्नं नको बघू 😄

जुनी_टांकसाळ: सीसी दिसलं की लोक डोळे झाकून पैसे मोजतात, पण 1882 ते 84 चे सीसी पोत्यांनी सरकारी तिजोरीत पडून होते, 1970 च्या दशकात सरकारनेच ते विकले. 1889 चा सीसी मात्र खरंच दुर्मीळ, साडेतीन लाखच पाडले होते. वर्ष बघितल्याशिवाय अक्षराला काही किंमत नाही, तुझा 1881 एस पण सव्वा कोटीच्या वर निघालाय, दिसायला झकास असतो हा भाग वेगळा.

चांदीचा_छंद: आणि तो 1893 वाला?

भिंगवाला: सांभाळून रे! 1893 एस फक्त 1 लाख पाडले, म्हणून लबाडी तिथेच जास्त. साध्या 1893 च्या नाण्यावर एस चिकटवतात, नाहीतर 1898 एस मधला 8 कोरून 3 करतात. एसच्या कडेला जोड किंवा डिंकासारखं काही दिसतंय का ते भिंगातून बघ, आणि पुढच्या बाजूला मुकुटावर लिबर्टी लिहिलंय त्यातल्या टी च्या वरच्या भागात बारीक तिरकी उठावदार रेघ असते, अस्सल सगळे एकाच पुढच्या साच्यातले असल्याने. नाणं फार घासलेलं असेल तर रेघ दिसेलच असं नाही. वजन 26.73 ग्रॅम भरलं म्हणून खूश होऊ नकोस, ही लबाडी खऱ्याच नाण्यावर केलेली असते, वजन बरोबरच येणार.

जुनी_टांकसाळ: +1. ग्रेडिंग कंपनीच्या (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या) सीलबंद डबीत नसेल तर हातही लावू नको, आणि डबी असली तरी तिच्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघ, डब्याही नकली निघतात.