'पोकळ तंतू' हा शब्द बरोबर वाटतो का?

प्रश्नकर्ती, राजारामपुरी : निकामी झालेल्या यकृताला मदत करणाऱ्या यंत्रावर 'कृत्रिम यकृत' या शीर्षकाचा लेख लिहितेय. यकृताच्या पेशी ज्या नळकांड्यात जिवंत ठेवतात, त्याला 'पोकळ तंतू जैवअभिक्रियक' लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "म्हणजे बडा घर पोकळ वासा?" तिथंच अडलेय. 'तंतू'ऐवजी सूत, धागा असं काही चालेल का?

इचलकरंजीकर : सूत, धागा हे बादच करा. तंतू कातला की सूत होतं, आणि तुमचा तंतू कुणी कातत नाही. फक्त त्यातून काहीतरी वाहतं, हे शब्दात दिसायला पाहिजे. 'नळीतंतू' लिहा की.

प्रश्नकर्ती : कोल्हापुरात 'नळी' म्हटल्यावर माणूस थेट तांबड्या रश्श्यावर जातो हो!

डायलिसिसवाला : ताई, आमच्या डायलायझरमध्ये, म्हणजे डायलिसिसचं रक्त ज्यातून शुद्ध होतं त्या नळकांड्यात, हेच तंतू हजारांनी असतात, आतला व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. आतून रक्त, बाहेरून द्रावण. तुमच्या यंत्रात आतून रुग्णाचं रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रवभाग) जातो आणि बाहेरच्या जागेत पेशी असतात. हेपॅटअसिस्ट नावाच्या यंत्रात त्या डुकराच्या होत्या, ईलॅड नावाच्या यंत्रात माणसाच्या यकृताच्या गाठीपासून वाढवलेल्या. भिंतीच्या छिद्रांतून द्रव्यांची देवाणघेवाण होते, पेशी पलीकडे जात नाहीत. सगळं काम त्या पोकळीवरच चालतं. बासरी पोकळ म्हणून कोण नावं ठेवतं? 'गाळणी' मात्र म्हणू नका. गाळणी फक्त अडवते. डुकराच्या यकृतपेशी अमोनियाचा युरिया करतात.

जुना सभासद : माझी हरकत 'कृत्रिम यकृत' या नावाला आहे. यंत्र यकृताची जागा घेत नाही. प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा यकृत स्वतः सावरेपर्यंत वेळ काढून देतं. त्याला आपल्याकडे 'टेकू' म्हणतात. हेपॅटअसिस्टच्या १७१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले. ३० दिवसांनंतर जगलेल्यांच्या प्रमाणात यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या अशा दोन्ही गटांत एकंदर ठोस फरक दिसला नाही. एवढ्यावर 'कृत्रिम यकृत' म्हणणं जरा जादाच.

मटणप्रेमी : 'काळीज' का नको? अमरकोशात यकृताला 'कालखण्ड' आहेच, आणि खाटकाकडं काळीज मागितलं की तो यकृतच देतो.

जुना सभासद : देतो खरा, पण 'कृत्रिम काळीज' वाचून लोक हृदयच समजतील. काळजाचा ठोका चुकतो तो काय यकृताचा?

प्रश्नकर्ती : मग 'पोकळ तंतू' ठेवते, बासरीचा दाखला देऊन. शीर्षकात 'यकृताला टेकू'. 'जैवअभिक्रियक' खोडून सरळ 'बायोरिअॅक्टर' केलं. आई तो शब्द न अडखळता वाचते.