१९२७चा मिसिसिपीचा महापूर: पावसाचा की तटबंधांचा?

गाळपेर: १९२७ साली अमेरिकेत मिसिसिपीने सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर मुलूख बुडवला, ६ लाखांहून जास्त माणसं बेघर केली. याला नैसर्गिक आपत्ती म्हणायला माझी तयारी नाही. लष्करी अभियंत्यांचं धोरण कित्येक दशकं एकच: फक्त तटबंध बांधा, सांडवे नकोत. नदी आवळली की स्वतःच पात्र खोल करेल, असा हिशेब. इकडे काठची जंगलं तोडून, दलदली सुकवून कापूस लावला. पाण्याला पसरायला जागा उरली नाही. पाणी चढलं की तटबंध आणखी उंच करायचे! २१ एप्रिलला मिसिसिपी राज्यातल्या माउंड्स लँडिंगला तटबंध फुटला.

त्रयस्थ: मागाहून शहाणपण सोपं असतं. १९२६पासून खोऱ्यात पाऊस थांबत नव्हता. १५ एप्रिलला एकट्या न्यू ऑर्लीन्समध्ये १८ तासांत जवळपास १५ इंच. आणि तटबंधांशिवाय तिथे शेती उभी राहिली असती का?

गाळपेर: पाऊस मोठा होता, मान्य. पण पाणी कोणावर सोडलं? २९ एप्रिलला न्यू ऑर्लीन्स वाचवायला शहराच्या खालच्या अंगाला असलेला कार्नार्व्हनचा तटबंध सुरुंगाने उडवला. सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन परगणे बुडवले. शहरातल्या सावकार मंडळींनी भरपाईचा शब्द दिला होता. बहुतेकांच्या हाती काहीच पडलं नाही. वरच्या बाजूला तटबंध आधीच फुटल्यामुळे शहराला तसा धोका उरलाही नव्हता म्हणतात.

कापूसवेचा: तटबंधावर भांडताय, पण त्यावर उभं कोण होतं? मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिलला पुरात अडकलेली हजारो कृष्णवर्णीय कुळं. बोटी आल्या, गोऱ्यांना घेऊन गेल्या. यांना मळेवाल्यांनी जाऊ दिलं नाही. एकदा गेले की कापूस वेचायला परत कोण येणार? बंदुकीच्या पहाऱ्यात मदतीचा माल उतरवायला लावलं. मदतकार्याचे प्रमुख हर्बर्ट हूव्हर पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

त्रयस्थ: भयंकर आहे, पण हा वंशभेदाचा इतिहास झाला. पुराच्या खात्यावर कशाला?

कापूसवेचा: छावणीत अंगावर मळ्याच्या नावाचा बिल्ला लावायला लागायचा. ही खाती तुम्ही वेगळी करून दाखवा. अनेक कुटुंबं नंतर उत्तरेकडे निघून गेली, ती काय नुसत्या पावसाला कंटाळून?

त्रयस्थ: बरं. पण १९२८च्या पूरनियंत्रण कायद्याने 'फक्त तटबंध' हे धोरण सोडून दिलं, न्यू ऑर्लीन्सच्या वरच्या बाजूला बॉने कॅरेचा सांडवा बांधला, हेही लिहा की.

गाळपेर: लिहितो. त्याच योजनेतला मिसुरीतला बर्ड्स पॉइंटचा तटबंध २०११च्या पुरात इलिनॉयमधलं केरो शहर वाचवायला उडवला, आणि मिसुरीतलं पिनहूक हे कृष्णवर्णीयांचं गाव पाण्याखाली गेलं.

त्रयस्थ: केरोतही बहुसंख्य कृष्णवर्णीयच आहेत. तेवढं मात्र वगळलंत.