मागची चाके उचलल्यावर मोटरहोम कशाने थांबते?

ओहायोवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे फोर्ड ई-४५० चासीवर बांधलेले, सुमारे तीस फूट लांबीचे जुने मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) आहे. मागच्या जोडचाकांचे (प्रत्येक बाजूला आत-बाहेर दोन चाके) ब्रेक पॅड आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलणे व आतल्या टायरचा व्हॉल्व्ह तपासणे ही कामे मला घरासमोरच करायची आहेत, कारण आमच्या जवळपासच्या गॅरेजांतील लिफ्टवर एवढी लांब आणि जड गाडी चढवता येत नाही. गाडीला चार हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक बसवलेले आहेत आणि बटण दाबले की मागची चाके सहज जमिनीवरून सुटतात. त्याच जॅकवर गाडी ठेवून चाके काढली तर चालेल का? गिअर ‘पार्क’मध्ये ठेवून हँडब्रेक ओढला तर गाडी जागेवरून हलणार नाही, असे मी धरून चाललो आहे. माझ्याकडे तीन टनी ट्रॉली जॅक आहे. घरासमोरची जागा डांबरी असून रस्त्याकडे किंचित उतरती आहे.

आगार-फोरमन

नमस्कार. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागची कारणे नीट समजल्याशिवाय आपण गाडीखाली जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझी नोकरी बसगाड्यांच्या कार्यशाळेत झाली. तिथे नव्या मुलाला पाना हातात देण्याआधी मी हेच समजावत असे.

आधी ‘पार्क’ आणि हँडब्रेकचे पाहू. ‘पार्क’मध्ये गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा अडकतो आणि त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, फिरत नाही, एवढेच. चाके आणि शाफ्ट यांच्यामध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची जुळणी, असते, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये शाफ्ट स्थिर असतानाही एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरू शकते. दोन्ही बाजूंची चाके जमिनीवर असतात तोवर हे घडत नाही. पण एका बाजूची चाके उचलली की ती हवेत उलटी फिरू लागतात, जमिनीवरची चाके मोकळी होतात आणि ‘पार्क’चा उपयोग संपतो. हँडब्रेक चाकांवर असेल, तर जमिनीवर राहिलेली बाजू तो धरून ठेवतो खरा, पण काही जुन्या मोटरहोम चासींमध्ये हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवरच बसवलेला असतो आणि तिथे त्याची अवस्था ‘पार्क’सारखीच होते. मागच्या दोन्ही बाजू उचलल्या तर दोन्हींचा उपयोग संपला, कारण पुढच्या चाकांवर हँडब्रेक नसतो आणि गाडी अक्षरशः मोकळ्या चाकांवर उभी असते. त्या क्षणी तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पुढच्या चाकांखाली लावलेली उटी (चाक घरंगळू न देणारी पाचर). ती प्रत्येक पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, घट्ट ठोकून आणि गाडी उचलण्याच्या आधी लावलेली असावी. वीट किंवा हाताला सापडलेला दगड चालणार नाही. जड वाहनांसाठी मिळणारी रबरी किंवा भक्कम लाकडी उटीच घ्यावी.

आता लेव्हलिंग जॅक. त्यांचे काम उभी गाडी समतल करणे आणि तिचे डुलणे कमी करणे एवढेच आहे. लांब बाहेर आलेला पाय उभा भार घेतो, पण आडवा धक्का त्याला सोसत नाही. गाडी थोडी पुढे-मागे सरकली तरी तो वाकतो किंवा तिरपा होतो. शिवाय तो भार तेलाच्या दाबावर तोललेला असतो, त्यामुळे एखादे सील किंवा व्हॉल्व्ह सुटले तर गाडी खाली येते. लिपर्ट आणि एचडब्ल्यूएच यांसारखे हे जॅक बनवणारे उत्पादक स्वतःच बजावतात की या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नये आणि चाके बदलू नयेत. ट्रॉली जॅक आणि बॉटल जॅक यांनाही हेच लागू आहे. जॅकने उचलायचे आणि स्टँडवर, म्हणजे भार पेलणाऱ्या लोखंडी घोडीवर, ठेवायचे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

चासी-अभ्यासक

फोरमनसाहेबांच्या म्हणण्याला मी आकड्यांची जोड देतो. ई-४५० चासीची एकूण वजनमर्यादा १४,५०० पौंड असते. पुढच्या ऍक्सलची मर्यादा ५,००० आणि मागच्याची साधारण ९,६०० पौंड. आपल्या गाडीचे नेमके आकडे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असतील. मागच्या एका बाजूला सुमारे ४,८०० पौंड, म्हणजे जवळजवळ २,१८० किलो भार येतो असे धरावे. मात्र मोटरहोममध्ये हा भार दोन्ही बाजूंना सारखा नसतो, कारण स्वयंपाकाचा ओटा, फ्रीज, सरकणारी खोली (उभ्या गाडीतून बाहेर सरकवता येणारा भाग) आणि पाण्याची टाकी बहुधा एका अंगाला आलेली असते. ट्रक-थांब्यावरील वजनकाट्यावर ऍक्सलनिहाय वजन मिळते. ते करून घेतले तर निदान मागच्या ऍक्सलच्या एकूण भारासाठी अंदाजावर अवलंबून राहावे लागणार नाही.

आपला तीन टनी जॅक अमेरिकी टनांत मोजलेला आहे, म्हणजे ६,००० पौंड. कागदावर तो पुरतो, पण मला एवढीशी शिल्लक पुरेशी वाटत नाही, आणि जोडचाके सुटण्याइतकी उंची गाठताना लहान ट्रॉली जॅक अनेकदा अपुरा पडतो. बारा टनी बॉटल जॅक आणि सहा टनी स्टँडची जोडी घ्यावी. स्टँड घेताना छापलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे वाचूनच पैसे द्यावेत. २०२० मध्ये हार्बर फ्रेट या साखळी दुकानांनी विकलेले पिट्सबर्ग छापाचे तीन आणि सहा टनी स्टँड परत मागवण्यात आले होते, कारण दातेरी पट्टी आणि तिला अडवणारा खटका यांची पकड काही स्टँडमध्ये पुरेशी नव्हती आणि भाराखाली स्टँड अचानक खाली बसण्याचा धोका होता. जुने स्टँड कोणाकडून उसने घेणार असाल, तर ही गोष्ट अवश्य तपासा.

जॅक मागच्या ऍक्सलच्या नळीखाली, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) जवळ लावावा आणि स्टँडही तिथेच शेजारी ठेवावा. डिफरन्शियलच्या गोल भागाखाली जॅक लावू नये. एका बिंदूवर तोललेला संपूर्ण ऍक्सल डावी-उजवीकडे कलंडू शकतो. पुढे या चासीला दोन स्वतंत्र आय-बीम (लोखंडी तुळया) असतात, सलग ऍक्सल नसतो, म्हणून पुढची बाजू कधी उचलायची झाली तर पुस्तिकेतील आकृतीत दाखवलेल्या जागाच वापराव्यात. शॉक ॲब्सॉर्बर सोडवतानाही भार ऍक्सलवरच राहू द्यावा.

घाटवाट

आमच्याकडे घाटात ट्रकचे बाहेरचे चाक काढायचे असेल तर जॅक काढतच नाहीत. आतल्या टायरखाली जाड फळी ठेवून गाडी त्यावर चढवतात, बाहेरचा टायर आपोआप जमिनीवरून सुटतो. आपल्याला आतल्या टायरचा व्हॉल्व्हच पाहायचा असेल तर ही युक्ती सोपी नाही का?

चासी-अभ्यासक

पंक्चर झालेले बाहेरचे चाक रस्त्यावर बदलण्यासाठी ही पद्धत रूढ आहे, हे खरे. परंतु या चासीवर सहसा येणारा एलटी २२५/७५ आर१६, ‘ई’ श्रेणीचा टायर एकटा असताना पूर्ण दाबाला २,६८० पौंडांसाठी बनवलेला असतो, आणि त्या फळीवर त्याच्यावर ४,८०० पौंड येतील. टायर जुना असेल, तर अशा टायरजवळ चेहरा नेऊन व्हॉल्व्ह तपासणे मला मुळीच मान्य नाही. ब्रेकच्या कामाला तर ही युक्ती लागूच पडत नाही, कारण तिथे आतले चाकही काढावे लागते.

ओहायोवासी

सर्वांचे मनापासून आभार. लेव्हलिंग जॅकचा विचार मी सोडून दिला आहे. एवढेच सांगावे की डांबरी आणि उतरत्या जागेवर हे काम करावे की नाही?

आगार-फोरमन

उतारावर करू नये. डोळ्यांना किंचित वाटणारा उतारही सहा-साडेसहा टनांच्या गाडीला सरकवायला पुरतो, आणि उचलताना ऍक्सल थोडा कमानीत फिरतो, त्यामुळे जॅकचा माथा तिरपा होतो. ओळखीच्या कोणाकडे, किंवा परवानगी मिळेल त्या ठिकाणी, सपाट काँक्रीटची जागा शोधावी. डांबरावरच काम करणे भाग असेल तर सपाट भाग निवडावा आणि थंड दिवशी, सकाळी करावे, कारण उन्हात डांबर मऊ पडते आणि स्टँडचे पाय एकेक करून रुततात. एक पाय रुतला की स्टँड कलतो. प्रत्येक स्टँडखाली आणि जॅकखाली पाऊण इंची प्लायवूडचा मोठा तुकडा किंवा लोखंडी पत्रा ठेवावा. खडीवर हे काम अजिबात नको. उंची कमी पडली म्हणून पोकळ सिमेंटचे ठोकळे कधीही रचू नयेत. ते सूचना न देता फुटतात. चौकोनी भरीव लाकडे आडवी-उभी रचली तर चालतात, कारण लाकूड दबताना करकरते आणि माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो.

उचलण्याआधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्यात; पन्नास गॅलनच्या भरलेल्या टाकीत जवळजवळ १९० किलो पाणी असते आणि ते हलते. सरकणारी खोली आत घ्यावी, लेव्हलिंग जॅक पूर्ण वर करावेत, गॅस टाकीपाशी बंद करावा, आणि आत कोणीही, पाळीव प्राणीसुद्धा, राहू देऊ नये. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, कारण उचललेल्या गाडीवर लांब पान्याने जोर लावणे म्हणजे तिला स्टँडवरून ढकलणेच आहे. मग एक बाजू थोडी, दुसरी बाजू थोडी, अशी उचलत न्यावी आणि स्टँडवर भार सोडल्यावर, खाली जाण्याआधी, बाहेर उभे राहून गाडीला दोन्ही हातांनी जोराने ढकलून पाहावे. ती हलली तर पुन्हा उतरवून स्टँडची जागा बदलावी. जॅक काढून न घेता ऍक्सलला नुसता टेकवून ठेवावा आणि काढलेली चाके चासीखाली आडवी सरकवून ठेवावीत. मागे हवेच्या फुग्यांचा आधार बसवलेला असेल तर चासी धरून उचलू नये. ऍक्सल खाली लोंबकळतो आणि फुगे ताणून फाटतात.

काम चालू असताना इंजिन सुरू करू नये आणि घरात दुसरे मोठे माणूस हजर असावे. चाके बसवल्यावर नट आळीपाळीने, समोरासमोरचे, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) टॉर्क पान्यानेच आवळावेत, आणि १६० किलोमीटरच्या आत ते पुन्हा तपासावेत. जोडचाकांचे नट पहिल्या प्रवासात सैल होतात, हे मी कार्यशाळेत वारंवार पाहिले आहे.