एकच अक्षर, दोन उच्चार: च आणि ज मुलांना कसं शिकवायचं?

बंगळुरूची_आई:
आम्ही बंगळुरूत राहतो, लेक तिसरीत आहे, शाळेत मराठी नाही म्हणून घरीच वाचायला शिकवतेय. अक्षरं छान येतात पण काल धड्यात "जग खूप मोठं आहे" बरोबर वाचलं आणि खाली "आनंदाने जग" आलं तर तेही तसंच, म्हणजे जयमधला ज लावून. मी म्हटलं इथे जगणं आहे, जमीनमधला ज लाव, तर म्हणते अक्षर तर तेच आहे ना, मला कळणार कसं? मला सांगता आलं नाही. काही नियम आहे का, की पाठच करायचं?

जुनी_शिक्षिका:
तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. संस्कृतात च, ज, झ चा एकच उच्चार, जीभ टाळूला लावून. मराठीत दातांजवळचा दुसराही आला, पण अक्षर नवं आलं नाही. तेलुगूतही असा उच्चार आहे आणि त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी अक्षरंही आहेत.

नियम अर्धा कामाला येतो. पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर साधारण टाळूचाच उच्चार. म्हणून आजीचा ज वेगळा, आजोबांचा वेगळा. माझा-माझी, लोणचं-लोणची म्हणायला लावा, स्वर बदलला की जीभ आपोआप मागे सरकते हे तिला स्वतःलाच जाणवेल. खरी पंचाईत अ, आ, उ, ओ पुढे असतात तेव्हा. तिथे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूचे आणि मराठीत घडलेले बरेचदा दातांचे, जसं चंद्र पण चांदणं, चक्र पण चाक.

भेळवाला_नाही:
आणि जोड्या द्या तिला, मुलांना आवडतात. जून महिना आणि जून भेंडी. चाट खायला जाऊ आणि बोट चाट. चार गाई आणि गाईला चारा चार. पाच बोटं आणि अंगठीतली पाच, म्हणजे पाचू. तो जात होता आणि जात-धर्म. सुटा शब्द दाखवून विचारूच नका, आपल्यालाही सांगता येणार नाही, पूर्ण वाक्य द्या, अर्थ लागला की उच्चार बरोब्बर येतो.

नागपूरकर८२:
मी माझ्या मुलासाठी दातांच्या उच्चाराला अक्षराखाली टिंब देतो, च़ ज़ असं. त्याची आई हिंदी भाषिक, तिलाही फार उपयोग झाला. खरं तर पहिली-दुसरीच्या पुस्तकांतच अशी टिंबं छापली पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, बाहेर वाढणाऱ्या मुलांना कानावर मराठी पडतच नाही तर ती अर्थावरून कसं ओळखणार?

जुनी_शिक्षिका:
घरच्या कार्डांवर जरूर द्या, पुस्तकात मात्र नको वाटतं मला. पुढे वर्तमानपत्र हातात घेतलं की टिंब नाही, मग मूल अडतं. त्यापेक्षा रोज मोठ्याने वाचून दाखवा आणि तिला मागून बोट फिरवू द्या. कान तयार झाला पाहिजे हो, डोळ्यांनी हे येत नाही.

नागपूरकर८२:
पण वाचून दाखवणाराच घरात नसेल तर? दोघं नोकरीला आणि आजी-आजोबा गावी, अशी किती घरं आहेत. अशा मुलांनी "जरा थांब" मधला ज म्हातारपणाच्या जरेसारखा वाचला तर दोष कुणाला द्यायचा?

बंगळुरूची_आई:
दोघांचंही पटतंय. आजी-आजोबांचं उदाहरण आत्ताच करून बघितलं, ती आरशासमोर उभी राहून जीभ कुठे जाते ते बघत बसलीय. कार्डांवर टिंबं देते, आणि आईला सांगते रोज फोनवर एक पान वाचून दाखव म्हणून. अजून जोड्या असतील तर टाका ना इथे, झ च्या एकही मिळाली नाही मला.