ऑफिसचं गिफ्ट कार्ड ऑनलाइन विकलं तर चालतं का?

सांगलीकर९१:
मंडळी, दिवाळीला कंपनीने अ‍ॅमेझॉन पेचं ५००० चं गिफ्ट कार्ड दिलंय पण मला भाड्यासाठी कॅश हवीय. जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर ४५०० ला टाकलं तर तासाभरात तिघांचे मेसेज. एकजण म्हणतो कोडचा फोटो पाठवा, चालतो का बघतो आणि लगेच पैसे टाकतो. पाठवू का? आणि असं विकणं नियमात बसतं का?

घाटावरचा:
फोटो अजिबात पाठवू नका!! कोड म्हणजे रोख नोट. चालतो का बघतो म्हणत तो कोड सरळ स्वतःच्या खात्यात टाकू शकतो, आणि एकदा त्याच्या खात्यात गेला की तुम्ही काय परत मागणार. नियमाचं म्हणाल तर अ‍ॅमेझॉनच्या अटींतच आहे की कार्ड परत विकता येत नाही, म्हणजे फसलात तर तक्रार करतानाही तुमचीच बाजू लंगडी.

मीनल_टी:
पैसे आधी घेतले की झालं असं मलाही वाटायचं. गेल्या वर्षी मी दोन कोड विकले, ३२०० रुपये यूपीआयवर आले, ते बघूनच कोड दिले. तीन आठवड्यांनी दूधवाल्याला पैसे पाठवतेय तर पेमेंट फेल, बँकेत गेले तर कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांनी होल्ड लावलाय. घेणाऱ्याने कुणाचंतरी खातं लुटून त्यातलेच पैसे मला दिले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली की पैसा ज्या ज्या खात्यात गेला तिथपर्यंत माग काढतात आणि त्यात आपण सापडतो, चोर कोड वापरून कधीच पसार. दीड महिना मेल आणि हेलपाटे. चॅट डिलीट केलं नव्हतं म्हणून सुटले, नाहीतर मी काय विकलं हे दाखवणार कशावरून?

पिक्सेलपंत:
गेमच्या कीजचंही (गेम सुरू करायचे कोड) तेच. फॅक्टोरिओ गेम बनवणाऱ्या वुब कंपनीने जी२ए या कीज विकायच्या साइटवर चोरीच्या कीज विकल्या जातात अशी तक्रार केली होती, तपासात १९८ निघाल्या आणि २०२० मध्ये जी२एने त्यांना ३९,६०० डॉलर दिले. एवढ्या मोठ्या साइटवर हे होतं तर अनोळखी माणसाच्या मेसेजवर काय भरवसा ठेवायचा.

सांगलीकर९१:
जाहिरात काढली. वहिनीला मिक्सर घ्यायचाच होता, माझ्या खात्यातून ऑर्डर केला, तिने ४८०० हातात दिले. मीनलताई, तुमचं वाचून खरंच धडकी भरली.